बेव्हर्ली पार्क ते उत्तन : काजळी मोजत एक फेरी

या ब्लॉगवर आजवर मी घाट लिहिले, किल्ले लिहिले, एकदा हौसेने स्पितीही लिहिलं. या वेळचा प्रवास आमच्याच महानगरपालिकेच्या हद्दीतला आहे. मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कपासून समुद्राकाठच्या उत्तनपर्यंत, एक रात्र मुक्काम. सोबत सत्तरीची आई आणि एक उसनं मशीन. ज्यांना शनिवार-रविवार उत्तनला जायचं आहे त्यांना बस, वाट, जेवण हे सगळं यात सापडेल. पण आम्ही हवापालटाला गेलो नव्हतो. आईला कायमचं तिकडे राहायला पाठवायचं की नाही, हे ठरवायला गेलो होतो.

झालं असं की गेल्या हिवाळ्यात आईचा खोकला काही केल्या बसेना. जिन्याचा एक मजला चढली की कठड्याला धरून उभी राहायची आणि मला सांगायची, "तू हो पुढे, मी आले." छातीच्या डॉक्टरांनी एका नळीत जोरात फुंकायला लावलं, कागद बघितला आणि विचारलं, "घरात सिगारेट कोण ओढतं?" कोणीच नाही, मी म्हटलं. "मग चूल?" आईला हा प्रश्नच विचित्र वाटला. "चूल होती की," ती म्हणाली, "सगळ्यांकडेच होती."

तिचं माहेर राजापूरकडचं. परकरात असल्यापासून चुलीपुढे बसली. लग्न होऊन परळच्या खोलीत आली तिथे रॉकेलचा स्टोव्ह. मीरा रोडला आलो तेव्हा गॅस आला, पण तोवर निम्मं आयुष्य झालं होतं. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसाचं जे गेलं ते परत येत नाही, उरलंय ते धुरापासून सांभाळा. हे ऐकायला सोपं आहे. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, रस्त्याच्या वळणावर. बस, टेम्पो, मिक्सरचे ट्रक सगळे नेमके आमच्या खिडकीखाली गिअर बदलतात. आईची खुर्ची त्याच खिडकीत असते, कारण दुसऱ्या खिडकीतून फक्त समोरच्या बिल्डिंगची भिंत दिसते.

उत्तनचं नाव काढलं ते आग्नेसमावशीने. मावशी उत्तनच्या कोळी. आमच्या गल्लीत वर्षानुवर्षं मासे घेऊन येतात आणि टोपली रिकामी झाली की आमच्याकडे पाणी प्यायला टेकतात. आईचा खोकला ऐकून एकदा म्हणाल्या, "ताई, आमचेकडं ऱ्हावाला या. पोरगा जहाजावर गेलाय, त्याची खोली मोकली हाय. दर्याची हवा हाय, दोन म्हयन्यांत खोकला पलेल." आईने ते मनावर घेतलं. रोज संध्याकाळी मला विचारायला लागली, "मने, कधी जायचं बघायला?"

आता, मला कोणी हवा चांगली आहे म्हटलं की मोजली का, असं विचारावंसं वाटतं. हा माझा स्वभाव. माझं लग्न न जमण्याचं कारण तेच असावं असं आईचं मत आहे. तर मी माझ्या शाळेतल्या मैत्रिणीला, अनघाला फोन केला. ती हवेच्या प्रदूषणावर काम करते. म्हटलं, समुद्राकाठची हवा आणि आमच्या खिडकीतली हवा यांत फरक किती, ते मला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. ती म्हणाली, "मशीन देते. दोन-चार दिवस काकूंच्या अंगावर राहू दे. त्या जिथे जातील तिथली हवा कळेल."

शुक्रवारी संध्याकाळी अनघा ते घेऊन आली. आकार डब्याच्या पिशवीत मावेल एवढा, वजन एखाद्या जाड पुस्तकाइतकं. त्यातून एक बारीक नळी निघते आणि तिचं तोंड खांद्याजवळ, गळ्याच्या उंचीवर चिमट्याने लावायचं. म्हणजे नाक जी हवा घेतं तीच हवा नळी घेते. आत छोटा पंप आहे. तो ठरलेल्या गतीने हवा ओढतो, त्यामुळे कान लावला की बारीक घरघर ऐकू येते.

ही हवा आत एका पांढऱ्या गाळणपट्टीच्या छोट्या ठिपक्यावरून जाते. हवेतली काजळी त्या ठिपक्यावर बसते. ठिपक्यावर एका बाजूने प्रकाश सोडलेला असतो, डोळ्यांना न दिसणारा, आणि दुसऱ्या बाजूला तो किती पोचला हे बघणारा डोळा असतो. पट्टीचा शेजारचा भाग कोरा ठेवतात. त्याच्यातूनही तोच प्रकाश जातो. कोऱ्यातून किती आला, काळवंडलेल्यातून किती आला, आणि किती वेळात हा फरक किती वाढला, यावरून एवढ्या हवेत एवढी काजळी, असा आकडा निघतो. धूळ, माती, पीठ यांच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. जे नीट जळलं नाही, त्याचं काळं तेवढं ते बघतं. मग ते डिझेल असो, लाकूड असो की पेटवलेला कचरा.

अनघाचं हे सगळं आई शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे काजळ धरतात तसंच की."

आमच्याकडे काजळ घरीच धरायचे. तुपाचा दिवा लावायचा, वर तांब्याची ताटली उपडी धरायची, आणि काळं जमलं की खरवडून डबीत भरायचं. अनघा खूश झाली. "अगदी तसंच, काकू. फक्त ही ताटली किती वेळात काळी झाली ते हे मशीन सांगतं."

मग तिने सूचना दिल्या. धक्का लागू द्यायचा नाही, पाणी लागू द्यायचं नाही, ठिपका फार काळा झाला की आकडे चुकायला लागतात, तेव्हा पट्टी बदलायची. ते मला शिकवलं. निघताना दारात चपला घालता घालता म्हणाली, "जपा हं काकू याला. आमच्याकडे एकच आहे."

हे वाक्य लक्षात ठेवा. आई लोकांच्या वस्तूंच्या बाबतीत फार हळवी आहे. शेजारचं पातेलं आलं तर ते आपल्या पातेल्यापेक्षा जास्त घासते, आणि परत देताना रिकामं देत नाही, आत काहीतरी घालतेच. त्या रात्री तिने मशीनखाली धुतलेला नॅपकिन घातला, वर दुसरा पांघरला, आणि मगच झोपली.

शनिवार : नया नगर, स्टेशन, भाईंदर

सकाळी निघालो. उत्तनला जाण्याआधी नया नगरात चक्कर मारली, कारण आग्नेसमावशीकडे रिकाम्या हाताने जाणं आईला मान्य नव्हतं. तिथल्या बेकरीतून ताजी नानखटाई घेतली. सकाळचं नया नगर ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी जरूर पाहावं. नहारीची पातेली उघडलेली असतात, मदरशातली मुलं ओळीने चाललेली असतात, आणि गल्ली इतकी अरुंद की दोन स्कूटर समोरासमोर आल्या की दोन्ही मालक आधी एकमेकांची विचारपूस करतात. आईच्या खांद्यावर नळी, गळ्यात पिशवी. बेकरीवाल्याने विचारलं, "अम्मा, ये क्या लगाया है, शुगर का?" आई म्हणाली, "हवा का है." त्याने मान डोलावली आणि दोन नानखटाया जास्त घातल्या.

आकडे मी फोनवर बघत होते. गल्लीत आत असताना रेघ खाली होती. भट्टीच्या दारात आलो तशी वर गेली. मुख्य रस्त्यावर रिक्षात बसलो आणि सिग्नलला एका जुन्या डिझेल टेम्पोच्या मागे थांबलो, तेव्हा रेघ जी चढली ती सिग्नल सुटेपर्यंत उतरलीच नाही. रिक्षावाला आरशातून बघत होता. तोंडाला रुमाल बांधलेला, वय माझ्याएवढं.

"कितना आया, मॅडम?"

"गली से बहुत ज्यादा."

"मैं तो सिग्नल पे गाडी बंद करता हूँ. आगेवाला नहीं करता." थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "इसका धुआँ पूरा दिन मैं ही लेता हूँ. आप तो उतर जाएंगे." तेवढ्यात खड्डा आला, पिशवी उडाली, आणि मशीनने चक्क शून्याच्या खालचा आकडा दाखवला. अनघाने हे सांगितलं होतं. धक्का बसला की प्रकाश बघणारा डोळा गोंधळतो, म्हणून एकेका मिनिटाच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, सरासरी बघायची. आईने त्या खड्ड्यानंतर पिशवी दोन्ही हातांनी उचलून धरली, ती थेट भाईंदर येईपर्यंत. स्वतःचं डोकं रिक्षाच्या दांडीवर आपटलं त्याचं तिला काही नाही.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी : भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेरून उत्तनच्या पालिकेच्या बस सुटतात. भाडं चहा-खारीपेक्षा फार नाही. डावीकडे बसा. मुर्धा, राई, मोर्वा ही गावं मागे पडतात, बिल्डिंगा संपतात, मिठागरं आणि तिवरं सुरू होतात. रस्ता अरुंद आहे, समोरून बस आली की दोघांपैकी एकाला मागे यावं लागतं. रविवारी गर्दी फार, शनिवारी सकाळ बरी. सुट्टे पैसे ठेवा.

मिठागरांपाशी आईने खिडकीची काच सरकवली. वारा आत आला, तिने डोळे मिटले. फोनवरची रेघ खाली येत येत तळाला टेकली होती. मी तिला फोन दाखवला. "बघ, आई." तिने बघितला नाही. "मला कळतंय की," ती म्हणाली, आणि बराच वेळ खोकली नाही.

उत्तन

आग्नेसमावशीचं घर समुद्राच्या अगदी समोर. पुढे ओटा, ओट्याला खुंट्या, समोर वाळत घातलेल्या बोंबलांच्या माळा. त्यांचा वास पहिल्या तासात नाकात भरतो, नंतर विसरायला होतो. घराच्या मागे परस, तिथे माडाच्या झावळ्या, करवंट्या, विहीर. मुलाची खोली पुढच्या बाजूला होती, खिडकीतून पाणी दिसत होतं. आई खाटेवर बसली, खिडकीतून बघितलं आणि म्हणाली, "इथे काय, माणूस बसून राहील." बसून राहणं हा आमच्याकडे आळस समजला जातो. ती ते कौतुकाने म्हणाली.

जेवायला ताज्या बोंबलांचं कालवण, मांदेली आणि तांदळाची भाकरी. हे घरचं होतं. पण बाहेरून येणाऱ्यांना गावात घरगुती खानावळी मिळतात, आधी फोन केलेला बरा. मी मावशींना हवेबद्दल खोदून खोदून विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. "डोंगरावर शेराचा कचरा टाकतात तो हाय. वारा तिकडना आला का वास येतो, मंग खिडकी लावाची. बाकी काय न्हाय." मी तेही लिहून ठेवते, कारण फोटोत वास येत नाही.

दुपार कलल्यावर आई म्हणाली, "तू जा किनाऱ्यावर. फोटो काढायचे असतील तुला. मी ओट्यावर बसते." मी तिच्या खांद्यावरची नळी नीट केली, पट्टी नवी घातली आणि बजावलं, "हे काढायचं नाही. झोपताना फक्त उशाशी." ती हो म्हणाली.

उत्तनचा किनारा पोहण्याचा नाही, काम करणाऱ्यांचा आहे. होड्यांवर रंगीत निशाणं, जाळी विणणारे म्हातारे, एका होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, ताज्या फुलांचा हार. अंधार पडायला लागला तशी मी परत आले. परसातून धूर निघत होता. मावशी म्हणाल्या, "आंघोलीचं पानी चुलीवरचंच बरं. अंगाला लागतं. गॅसवर तापवलेल्या पान्याला काय चव हाय?" आई आंघोळ करून ओट्यावर बसली होती, केस मोकळे, पिशवी गळ्यात, नळी खांद्यावर. ती मावशींशी बोलत होती आणि हसत होती. बाबा गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. मी फोन उघडला. संध्याकाळभर रेघ सपाट.

रविवारी सकाळी मी पुन्हा बाहेर पडले, चर्चमध्ये जाणारी माणसं बघितली, एका टपरीवर चहा प्यायले. परत आले तेव्हाही रेघ सपाट होती. आमच्या रस्त्यावरच्या हवेशी तिची तुलनाच नव्हती. मला मोजून हवं होतं, ते मोजून मिळालं होतं. मी मावशींना सांगून टाकलं की खोली नक्की.

"मंग पुढल्या म्हयन्यापासना या," मावशी म्हणाल्या. आईने त्यांचा हात धरला आणि सोडला नाही. मोजणी झाली म्हणून मी मशीन बंद करून ठेवलं. निघताना मावशींनी सुके बोंबील बांधून दिले. बसमध्ये मला आनंद झाला होता आणि वाईटही वाटत होतं. रिकाम्या घरी मी संध्याकाळी कोणाशी भांडणार, असा विचार करत होते.

परत घरी

घरी पोचल्यावर मी कपडे धुवायला काढले. आईची शनिवारची साडी हातात घेतली आणि थांबले. साडीला धुराचा वास होता. असा तसा नाही, पदर पिळला तर धूर निघेल असा. मी मशीन उघडून पट्टी बाहेर काढली. ठिपका जवळजवळ पांढरा होता.

"आई, साडीला धुराचा वास कसा?"

"चुलीपाशी बसले होते ना." ती बोंबील डब्यात भरत होती.

"कधी?"

"काल संध्याकाळी. आणि आज सकाळी पाणी तापवताना. आग्नेस एकटी किती करणार? ती मेली मासे साफ करायची, मी फुंकणी घेतली. किती वर्षांनी घेतली हातात. झावळ्या ओल्या होत्या, पेटत नव्हत्या लवकर."

"आणि मशीन?"

"ते पुढे ओट्यावर खुंटीला लावलं. नळीचं तोंड दर्याकडे केलं. सकाळी खोलीत ठेवलं, दार ओढून घेतलं." माझ्याकडे बघून तिला वाटलं मी काळजी करतेय. तिने मला समजावलं. "अगं, मी कशी नेईन ते चुलीजवळ? लोकांची वस्तू. धुराने काळी झाली तर? ती पोरगी म्हणाली ना, जपा, एकच आहे."

मी आधी चिडले. अगं, ते काळं व्हायलाच दिलं होतं, असं मोठ्याने म्हणाले. ती म्हणाली, मला कसं कळणार, आणि डब्याचं झाकण लावत राहिली. मग मी स्वयंपाकघरातच खाली बसले आणि मला रडू आलं. दोन दिवस त्या मशीनला तिने चुलीच्या धुराची झुळूक लागू दिली नाही. ओल्या झावळ्यांचा सगळा धूर स्वतः घेतला, तोंड लावून, फुंकणीने, आणि त्यात तिला काही चुकलंय असं वाटलंच नाही. काजळ म्हणजे काय, ते कुठून येतं, कुठे बसतं, हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. म्हणूनच तिने मशीन वाचवलं. जप, एकच आहे, असं तिला तिच्याबद्दल मात्र कधी कोणी सांगितलं नव्हतं.

ती माझ्याशेजारी येऊन बसली. खाली बसायला तिला वेळ लागतो. मी तिला पट्टी दाखवली, आणि शनिवारी सकाळची, रस्त्यावरची आधीची पट्टीही दाखवली. तिचा ठिपका राखाडी झाला होता. आई दोन्ही पट्ट्या बराच वेळ बघत होती.

"आणि चुलीपाशी नेलं असतं तर?"

"यापेक्षा खूप काळी झाली असती."

तिने बोट न लावता पट्टीकडे बोट दाखवलं. "माझ्या आत असंच आहे?"

मी हो म्हटलं. खोटं बोलणं मला तेव्हा जमलं नाही.

सोमवारी सकाळी आग्नेसमावशीला फोन केला. खोली नको कसं सांगावं ते कळत नव्हतं, म्हणून सरळ सांगितलं. आईला चुलीचा धूर चालत नाही, थोडासुद्धा नाही, हे तिने तुम्हाला कधी सांगितलंच नाही.  मावशी म्हणाल्या, "मी चूल बंद करीन. गॅस हाय आमचेकडं." मग, "पन शेजारी सगल्यांच्या चुली हायत, बाय. त्यांना काय सांगू?" आणि शेवटी, आवाज बारीक करून, "मला पन सकाली खोकला येतो. तो पन त्याचाच काय?"

मी म्हटलं, मासे घेऊन याल तेव्हा आमच्याबरोबर डॉक्टरांकडे चला. त्या हो म्हणाल्या. त्या हो म्हणाल्या म्हणजे येतीलच असं नाही, पण मी आठवण करत राहणार आहे.

अनघाला फोनवर सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं, ती हसली नाही. म्हणाली, "हा डेटा काकूंचा नाही, ओट्याचा आहे." पण ओट्याचा म्हणून तो खरा आहे, हेही तिनेच सांगितलं. समोरून समुद्राचा वारा असताना त्या ओट्यावरची हवा खरंच स्वच्छ आहे. तेव्हा आमचं ठरलं ते असं : आई तिथे राहायला जाणार नाही. पण महिन्यातून दोनदा सकाळच्या बसने जायचं, ओट्यावर बसायचं, दुपारी परतायचं. परसात जायचं नाही. आणि खिडकीतली खुर्ची आतल्या खोलीत, भिंत दिसणाऱ्या खिडकीशी. याला आई अजून तयार नाही. वाद चालू आहे.

मशीन मंगळवारपर्यंत आमच्याकडे होतं. अनघा म्हणाली, आता एक दिवस खरंच काकूंच्या अंगावर राहू दे. मंगळवारी सकाळी आम्ही दूध आणायला खाली उतरलो. पिशवी आईच्या गळ्यात, नळी खांद्यावर. त्या पिशवीत तिने अनघासाठी सुक्या बोंबलांची पुडी आधीच घालून ठेवली होती, चार प्लास्टिकमध्ये गुंडाळून. रिकामं कसं द्यायचं?

कोपऱ्यावर कोणीतरी पालापाचोळा आणि त्यातलं प्लास्टिक गोळा करून पेटवलं होतं. धूर फुटपाथवर पसरला होता. आई थांबली. सवयीने तिचा हात नळीच्या तोंडाकडे गेला, झाकायला. मग तो हात तिने खाली घेतला, पदर ओढला, आपल्या नाकातोंडावर धरला आणि नळी तशीच धुरात राहू दिली.

"त्याचं काम त्याला करू दे," ती पदरातून म्हणाली.

साडीच्या पदराने हे कण अडत नाहीत. इतके बारीक असतात की कापडातून आरामात आत जातात. तिथे उभं राहून मी ते तिला सांगितलं नाही. तिचा दंड धरून आधी तिला धुराच्या पलीकडे नेलं, मेडिकलच्या पायरीवर बसवलं आणि चांगले मास्क दाखवा म्हटलं.

"दोन घे," आई मागून म्हणाली. "एक आग्नेसला. आणि माझा इकडे दे आधी, घालूनच जाते."